भटूआप्पांची झोप

जागृती पाचवीत माझ्या वर्गात आली तेव्हा मला वाटलं, या पोरीच्या घशाचं काहीतरी बिनसलंय. वाचायला उभी केली की ओठ हलायचे, पण आवाज पहिल्या बाकापर्यंतसुद्धा यायचा नाही. माझा आवाज मुळातच खणखणीत. मी धडा शिकवायला लागले की शेजारच्या वर्गाचाही तो धडा आपोआप होऊन जातो, असं आमच्या मराठी शाळेचे हेडसर चारचौघांत सांगायचे. पुटपुटणाऱ्या मुलांचा मला भयंकर वैताग. "अगं, मोठ्यानं!" म्हणून मी ओरडले की ती आणखीच हळू व्हायची. शेवटी एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला म्हटलं, "चल, तुझ्या आईला भेटते."

सुरतेतल्या कोसाडच्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकसारख्या. त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दुसऱ्याच मजल्यावर जागृतीनं चपला काढून हातात घेतल्या आणि माझ्या पायांकडे पाहिलं. का ते न कळताच मीही काढल्या. दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती. बेल होती, पण तिची वायर तोडलेली. आत भर दुपारी अंधार, कारण खिडकीवर छपाईत बिघडलेल्या साड्यांचे थरावर थर ठोकलेले. जागृतीची आई, निंबाबाई, ओठांवर बोट ठेवून आतल्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती.

"बेन, हळू बोला," ती कुजबुजली, "ते झोपेल शेतस."

सुरतेत शिक्षिकेला बेन म्हणतात, मराठी शाळेतही. मी माझ्या परीनं कुजबुजत म्हटलं, "मी जागृतीच्या शाळेतून आलेय." माझं कुजबुजणं म्हणजे इतरांचं बोलणं. कोपऱ्यातल्या खाटेवर एक माणूस डोळ्यांवर ओला रुमाल टाकून उताणा पडला होता, तो ताडकन उठून बसला आणि ओरडला, "कोन ऊनं?"

तो आवाज ऐकला आणि मला आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज नाजूक वाटला.

हे भटूआप्पा, जागृतीचे वडील. मूळचे शिरपूरकडचे, पण उभी हयात सुरतेत लूमवर गेलेली. अमरोलीच्या बाजूला एका कारखान्यात ते कापड विणायचे. लूमच्या खडखडाटात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ओरडतात, आणि कानही हळूहळू जाड होतात. त्यामुळे घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस तो, आणि त्याच्या झोपेपायी बाकीच्या दोघींनी आपापला आवाज गुंडाळून ठेवलेला. रातपाळी असली की कुकर शेजारणीच्या गॅसवर लागायचा, शिट्ट्या तिच्या घरात व्हायच्या आणि भात इकडे यायचा. जागृती चालायला शिकली तीच मुळी चवड्यांवर, असं निंबाबाई हसत हसत सांगायची. मला हसू आलं नाही. मी त्या पोरीवर इतके दिवस ओरडत होते.

त्या शनिवारनंतर आप्पांची आणि माझी ओळख वाढली. माझं घर वसाहतीला लागूनच असलेल्या सोसायटीत, तळमजल्यावर. रातपाळी सुटली की आप्पा घरी जाताना ओट्याशी थांबायचे. थांबायचे म्हणजे टेकायचे नाहीत. माझ्या नवऱ्यानं खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे, आणि फारच आग्रह केला तर अगदी कडेवर बसून उजवा पाय हलवत राहायचे. पाय काही थांबायचा नाही. लूमवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रात्रभर येरझाऱ्या घालायच्या, तुटला धागा की जोडायचा, पुन्हा चालायचं. शरीर घरी आलं तरी पाय अजून कारखान्यातच असायचा. केसांत कापसाचे तंतू, डोळे लाल, पोट पुढे आलेलं आणि हातपाय मात्र काटकुळे.

"कुठं निघायचंय का, आप्पा?"

"नही, बेन. आतेच तं ऊनू."

आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून, अगदी गंभीरपणे, "सात वाजनात. सकायना का सांजना?"

पहिल्यांदा मला हा विनोद वाटला. मग लक्षात आलं, माणूस खरंच विचारतोय.

लूमवरची पाळी बारा तासांची. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी, आणि मग पलटी. एका माणसाच्या वाट्याचे लूम दुसऱ्या वेळी दुसऱ्या माणसाच्या वाट्याला, म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार असतो. आप्पांचा जोडीदार मुंजाजी, हिंगोलीकडचा. एकाच लूमवर दोघांची वर्षं गेली, पण भेट म्हणजे पाळी सुटताना आणि लागताना व्हायची तेवढीच. कुठला लूम त्रास देतोय, कुठला धागा कच्चा आहे, एवढंच बोलणं. दोघांत मिळून थंड पाण्याचा एक मोठा जग होता, प्लास्टिकचा, निळा. जाणाऱ्यानं येणाऱ्यासाठी अर्धा जग भरलेला ठेवायचा, हा त्यांच्यातला रिवाज. कोणी कोणाला तो सांगितला नव्हता.

पलटी आली की आप्पांच्या अंगाचा सगळा कारभार विस्कटायचा. रातपाळीच्या पंधरा दिवसांत शरीर कसंबसं उलटं चालायला शिकायचं, तोवर त्याला पुन्हा सुलटं करायचं. भूक नको त्या वेळी लागायची, जेवायच्या वेळी जांभया. यावर आप्पांनी स्वतःचं एक शास्त्र तयार केलं होतं. जगातल्या खाण्याचे त्यांनी दोन भाग पाडले होते, झोपेचं आणि जागरणाचं. भात, दूध, केळं, वरण हे झोपेचं. भजी, तिखट शेव, चहा, ठेचा, वेफर्स हे जागरणाचं.

"रातले भात खादा का लूमवर डोकं आपटस," ते मला समजावून सांगायचे. "मिरचीनं भजं खाई ल्या, झोप दोन गल्ल्या दूर पयस."

कारखान्याच्या कोपऱ्यावर भज्यांची गाडी रात्रभर उभी असायची. आप्पा रात्रीतून तिच्याकडे तीन-चार चकरा मारायचे. भूक असो नसो, डोळा लागायला लागला की खायचं. सकाळी सुटले की सुरतच्या रिवाजाप्रमाणे हरभरा डाळीचा वाफाळता लोचो, वर तेल आणि शेव. घरी निंबाबाईनं भाकरी केलेली असायची, तिला वाईट वाटू नये म्हणून तीही. आणि हे सगळं पोटात घेऊन, ऊन वर येत असताना, रुमाल ओला करून डोळ्यांवर टाकायचा आणि आडवं व्हायचं.

मला राहवायचं नाही. मी रात्री दहाला दिवा मालवणारी बाई, सकाळी पोह्यांची वेळ टळली तर चिडणारी. मी त्यांना ओट्यावर उभं करून सुनावायची, "अहो, रात्री काय भजी खायची वेळ आहे? पोटालाही झोप लागते की नाही?"

"तुमना घरमा रात येस, बेन," आप्पा म्हणायचे. "आमना कारखानामा येस नही. तठे बत्त्या चालूच ऱ्हातस. पोटले काय समजस, दिन शे का रात?"

असं म्हणायचे आणि खिशातून शेवेची पुडी काढून माझ्यापुढे धरायचे. वाद घालणाऱ्याला खायला घालायचं, ही त्यांची रीत होती. मीही खायची, खोटं कशाला बोलू.

एकदा थंडीच्या दिवसांत मी संध्याकाळी फाटकाशी उभी होते. आप्पा समोरून आले. ताजी आंघोळ, कपाळाला गंध, हातात डबा. माझ्याकडे बघून म्हणाले, "बेन, आज शाळा नही का?"

"आप्पा, संध्याकाळ झाली. कसली शाळा?"

ते मोठ्यानं हसले. बेन आज चेष्टेत आहेत, असं त्यांना वाटलं. आणि भराभरा निघून गेले. झालं होतं ते असं. पलटीचा दिवस. त्या सकाळी रातपाळी संपली, आता उद्या सकाळी दिवसपाळीला जायचं. दुपारी पडले, रुमाल काढून उठले तेव्हा बाहेर झुंजूमुंजू उजेड. निंबाबाई आणि जागृती भाजी आणायला गेलेल्या. आप्पांना वाटलं, पहाट झाली. त्यांनी आंघोळ केली, देवाला हात जोडले, मावळत्या सूर्याला पाणीसुद्धा घातलं, टोपल्यातल्या भाकऱ्या आणि ठेचा डब्यात भरला आणि चालू पडले. रस्त्यात इतकी माणसं बघून म्हणे त्यांना बरं वाटलं, की आजकाल लोक लवकर उठायला लागलेत.

कारखान्यात मुंजाजी लूम बंद करून निघण्याच्या तयारीत होता. पलटीच्या रात्री कारखान्याला खाडा असतो. त्यानं आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आप्पा, कामून आलाव? आज रातचा खाडा हाय. तुमी उद्या सकाळी यायचं."

"मंग हाई सकाय नही शे?"

मुंजाजी इतका हसला की खाली बसला. मग दोघंही हसत बसले. दोघांनाही त्या रात्री काम नव्हतं, घाई नव्हती, आणि आप्पांच्या हातात डबा होता. कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर दोघं भाकरी-ठेचा जेवले. इतकी वर्षं एका लूमवर काढून ते पहिल्यांदा एकत्र जेवले. आप्पा ही गोष्ट सांगायचे तेव्हा स्वतःच्या फजितीवर हसायचे, पण शेवटी नेहमी एकच सांगायचे, की मुंजाजीला भाकरी खूप आवडली आणि त्याच्या बायकोच्या हातची आठवण आली. त्याची बायको-मुलं गावाकडे. तो इकडे दहाजणांच्या खोलीत एकटा.

दुसरी गोष्ट निंबाबाईनं सांगितलेली. एके दिवशी झाडताना तिला खाटेकडे जाणारी मुंग्यांची रांग दिसली. माग काढत गेली तर गादीखाली गाठियांचा डबा. अर्धा रिकामा. रोज दिवसा हा माणूस डोळ्यांवर रुमाल टाकून झोपलेला, मग हे खातं कोण? आप्पांना विचारलं तर ते अगदी साळसूद चेहऱ्यानं म्हणाले, "झोपमा खादं व्हई."

आणि त्या बाईनं विश्वास ठेवला! माझ्याकडे काळजीनं आली. "बेन, झोपमा चालनारा मानसं मी आयकेल शेतस. हाई झोपमा खातस!" मी डोळ्यांतून पाणी येईतो हसले. तिनं बिचारीनं डब्याच्या झाकणाला सुतळी बांधली, झोपेत सुटू नये म्हणून. ती सुतळीही सुटायची. झोपेत माणूस गाठी सोडू शकतो का, असा प्रश्न आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

जागृती सातवीत असताना आप्पांची तब्येत उतरली. पोट तसंच, पण खांदे खाली आले. तहान इतकी की माझ्या ओट्यावर उभ्या उभ्या तांब्याभर पाणी संपवायचे आणि दुसरा मागायचे. चपलेचा पट्टा लागून पायाला जखम झाली, ती काही भरेना. वसाहतीच्या तोंडाशी एका गुजराती डॉक्टरचा दवाखाना आहे, तरुण मुलगा आहे, पण बोलतो नीट. निंबाबाईच्या सांगण्यावरून मी सोबत गेले. साखर वाढली होती, आणि थोडीथोडकी नाही.

"काका, शरीर के अंदर भी घडी होती है," डॉक्टर म्हणाला. "रात को वो बोलती है, अब दुकान बंद. आप उसी टाइम भजिया डालते हो, वो क्या करेगी? पंद्रह दिन में आप घडी उल्टी करते हो, पंद्रह दिन में सीधी. नींद नहीं होगी तो भूख भी गलत लगेगी, तेल-मीठा ही माँगेगी. दवा मैं दे दूंगा. नींद कहाँ से दूं?"

आप्पा खुर्चीच्या कडेवर पाय हलवत बसले होते. "मतलब?"

"मतलब रात को सोना है. टाइम पे खाना है. नहीं तो ये पैर..." डॉक्टर जखमेकडे बघून थांबला. त्यानं वाक्य पुरं केलं नाही ते बरंच झालं, कारण निंबाबाईचा चेहरा मला बघवत नव्हता.

कायमची दिवसपाळी मागायची, एवढाच उपाय. मास्तर, म्हणजे लूमवरचा देखरेख करणारा माणूस, नाही म्हणाला नाही. फक्त म्हणाला, तू कायम दिवसा आलास तर तुझ्या जोडीदाराला कायम रात्र. मुंजाजीला विचारायचं धाडस आप्पांना होईना. आठवडाभर ते नुसते जग भरून ठेवत राहिले. शेवटी मास्तरकडूनच मुंजाजीच्या कानावर गेलं आणि तो पाळी बदलताना आप्पांना म्हणाला, "मनात काय ठिवता, आप्पा? तुमी दिवसा या. माहं काय, एकटा गडी, कवाबी झोपतो. तुमाला लेकरू हाय घरी."

आणि मग त्या घराला काही महिने असे आले की बघत राहावं. खिडकीवरच्या साड्या निघाल्या. कडीची चिंधी सुटली. कुकर घरी आला आणि पहिली शिट्टी झाली तेव्हा निंबाबाई दचकली आणि मग हसत सुटली. आप्पा संध्याकाळी वेळेवर जेवायचे, भात खायचे, रात्री निजायचे. भज्यांची गाडी दिवसा नसायचीच. साखर उतरली, जखमेवर खपली धरली. पाय मात्र हलायचा, पण कमी. एकदा तर ते माझ्या ओट्यावर खुर्चीला पाठ टेकून बसले. मी नवऱ्याला आतून बोलावून दाखवलं.

जागृती आठवीत गेली. स्वातंत्र्यदिनाला तिचं भाषण ठेवलं होतं, आणि ऐन वेळी माईक बंद पडला. मी धावत पुढे जाणार, तोच ती माईक बाजूला सारून बोलायला लागली. शेवटच्या रांगेच्या मागे, फाटकाशी आप्पा उभे होते. त्या जाड कानांनाही तिचा शब्दन् शब्द ऐकू गेला. नंतर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "मन्ही पोर शे." माझ्या सगळ्या नोकरीत मला इतका आनंद क्वचित झाला असेल.

मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी आप्पा कामावरून सुटून माझ्या ओट्याशी आले. उभेच राहिले. पाय पुन्हा जोरात हलत होता.

"बेन, जग रिकामा ऱ्हास."

मला काही कळेना. त्यांनी सांगितलं. रोज संध्याकाळी ते मुंजाजीसाठी जग भरून ठेवतात. सकाळी जातात तर जग कोरडा. मुंजाजी मधे उठून नळावरून पुन्हा भरतो, तोही संपतो. पूर्वी अर्धा जग ठेवल्याशिवाय तो माणूस कधी गेला नव्हता.

"विसरत असेल."

"विसरस नही तो. ती तहान मी वळखस, बेन."

पुढच्या सुटीला ते दुपारचे मुंजाजीच्या खोलीवर गेले. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारी दहा माणसं. एकजण मोबाइलवर गाणी लावून दाढी करत होता, दोघं पत्ते खेळत होते, कोणी कांदा चिरत होता, खालच्या गल्लीत गाड्यांचे हॉर्न. त्यात मधोमध, भिंतीकडे तोंड करून मुंजाजी पडलेला. डोकं उशीखाली घातलेलं. उशाशी भज्यांचा तेलकट कागद आणि थंड पेयाची बाटली. पोट पुढे आलेलं, आप्पांचं होतं तसंच.

"आमना घरमा दोन बाया मन्हासाठी चवड्यावर चालन्यात," आप्पा मला म्हणाले. "त्यानासाठी कोन चालस? मी रातले झोपस ना, ती झोप त्यानी शे."

त्याच आठवड्यात ते मुंजाजीला ओढत त्या तरुण डॉक्टरकडे घेऊन गेले. साखर निघाली. आणि आप्पांनी मास्तरला सांगितलं, पुन्हा पहिल्यासारखं, पंधरा-पंधरा दिवस.

घरात मोठं भांडण झालं. निंबाबाईचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तो चांगला दणदणीत निघाला. "पायले परत जखम व्हयनी तं मुंजाजी ई का धुवाले?" ती ओरडत होती. मला मधे पडायला बोलावलं होतं. मी नेहमीप्रमाणे ठासून बोलायला गेले, म्हटलं, आप्पा, डॉक्टरनं काय सांगितलंय ते विसरलात का, ही पोर आत्ता कुठं बोलायला लागलीय. आप्पांनी ऐकून घेतलं. मुंजाजीही आला होता. दारातच उभा. "आप्पा, नगा करू असं. मला काय व्हतंय?" असं म्हणत होता आणि बोलता बोलता आमच्यासमोर दोन पेले पाणी प्यायला. आप्पा नुसते त्याच्या हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. मग निंबाबाईही त्याच पेल्याकडे बघायला लागली आणि तिचं भांडण तिथंच संपलं. थोड्या वेळानं तिनं पिठाचा डबा उघडला आणि मुंजाजीला विचारलं, "डबामा कितल्या भाकरी लागतीन तुम्हले?"

त्या दिवसापासून ती दोन डबे करायला लागली. रातपाळी ज्याची असेल त्यानं संध्याकाळी जेवूनच जायचं, मधल्या वेळेला डब्यातलं, भज्यांच्या गाडीकडे पाठ. मुंजाजी तिच्या हुकमात राहिला. आप्पाही, बहुतेक.

जागृतीनं मात्र बापाला लगेच माफ केलं नाही. रातपाळीच्या पहिल्याच दुपारी तिनं कुकर घरच्या गॅसवर ठेवला, मुद्दाम. तीन शिट्ट्या होऊ दिल्या. हे तिनंच मला शाळेत सांगितलं. "पप्पा हललेसुद्धा नाहीत, बेन. पायसुद्धा नाही हलला. इतके थकले होते." आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी कुकर पुन्हा शेजारणीकडे गेला. खिडकीवर साड्या परत ठोकल्या, त्या तिनं स्वतःच्या हातानं ठोकल्या.

पुढे ती दुसऱ्या शाळेत गेली, मग कॉलेजात. मी निवृत्त झाले. मुलानं सुरतेबाहेर कामरेजला घर घेतलं होतं, आम्ही तिकडे जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी वसाहतीत निरोप घ्यायला गेले. दुसऱ्या मजल्यावरच चपला काढल्या. जागृतीनं दार उघडलं, ओठांवर बोट. आता मोठी झाली होती, पण बोट तेच. निंबाबाई दळण आणायला खाली गेली होती. जागृती हातानंच मला बसायला सांगून आत चहा टाकायला गेली.

खोलीत तोच अंधार. खाटेवर आप्पा, डोळ्यांवर ओला रुमाल. मी शेजारच्या स्टुलावर गपचूप बसले. बसल्या बसल्या माझं लक्ष चादरीकडे गेलं. चादरीखाली उजवा पाय हलत होता. झोपेत हलत असेल, असं मी मनाशी म्हटलं.

"बेन," आप्पा म्हणाले. इतक्या हळू, की मला आधी खरंच वाटलं नाही. त्या माणसाला कुजबुजता येत होतं. "मी जागाच शे."

मी वाकले. "झोप नाही लागली?"

"दिनले माले कधीच लागनी नही."

"कधीच नाही? म्हणजे पहिल्यापासून?"

"रातपाळी लागनी तवयपाईन. डोया झाकीसन पडी ऱ्हास." त्यांनी रुमाल न काढताच उशाखाली हात घातला आणि एक पुडी माझ्यापुढे धरली. आता तिच्यात फुटाणे होते, डॉक्टरनं चालतील म्हटलेले. "भूक लागस पडी पडी. त्यास्ले सांगू नका, बेन. पोर चवड्यावर चालीसन मोठी व्हयनी. मी जागा व्हतू आसं समजनं तं त्यास्नी इतला वरीसनी मेहनत वाया जाई."

मी पुडीतले दोन फुटाणे उचलले आणि तसेच हातात धरून बसले. गाठियांचा डबा, सुटणारी सुतळी, कुकरच्या त्या तीन शिट्ट्या, सगळं एकदम डोक्यात आलं. त्या तिन्ही शिट्ट्या त्यांनी ऐकल्या होत्या, आणि पाय दाबून धरला होता. मला त्यांना खूप काही म्हणायचं होतं, रागावायचंही होतं. तेवढ्यात आतून जागृतीची चाहूल लागली. आप्पांनी पुडी उशाखाली सरकवली.

ती चहा घेऊन आली. कप बशीवर वाजू नये म्हणून मधे तिनं कापडाची घडी ठेवली होती. आधी तिनं खाटेकडे पाहिलं. आप्पांचा पाय थांबला होता. छाती संथ खालीवर होत होती.

"झोपलेत ना?" तिनं नुसते ओठ हलवून विचारलं.

"हो," मी म्हटलं. "गाढ."

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.